भूमिकाखेळातील सूत्रधार : खेळाडूंचे वर्तन आणि खेळाची लय

प्रास्ताविक

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांची परंपरा त्याच्यापासून सुरू झाली. या खेळात चार-पाच खेळाडू एकेका काल्पनिक पात्राची भूमिका स्वीकारतात. त्यांच्यापैकीच एक जण मात्र कोणतेही एक पात्र न घेता उरलेले सगळे जग सांभाळतो. तो परिस्थितीचे वर्णन करतो, 'आता तुम्ही काय करता?' असे विचारतो, खेळाडूंची उत्तरे ऐकतो, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फाशांचा कौल घेतो. या व्यक्तीस गेम मास्टर म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'सूत्रधार' ही संज्ञा योजली आहे. रूढ अर्थाची हारजीत या खेळात नसते. एक बैठक तीन-चार तास चालते आणि एकच कथा अशा अनेक बैठकांतून महिनोन्‌महिने पुढे जात राहते.

गेल्या पाच दशकांत सूत्रधारांसाठी मार्गदर्शक ग्रंथांचे एक स्वतंत्र वाङ्मयच तयार झाले आहे. त्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतात. खेळ बिघडवणाऱ्या खेळाडूचे काय करावे, हा पहिला. रेंगाळणारा खेळ हलता कसा ठेवावा, हा दुसरा. बहुतेक ग्रंथांत या प्रश्नांची प्रकरणे वेगवेगळी असतात. पहिल्याचे उत्तर शिस्तीच्या भाषेत दिले जाते आणि दुसऱ्याचे कथनकौशल्याच्या. ही विभागणी सदोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्याला आपण खेळाडूचे गैरवर्तन म्हणतो त्याचा मोठा भाग हा वेळेच्या विषम वाटपाचा परिणाम असतो. म्हणून वर्तनाचा प्रश्न बहुतांशी लयीचा प्रश्न आहे, आणि जेथे तो तसा नाही तेथे खेळातील कोणतीही युक्ती कामास येत नाही. या प्रतिपादनाच्या आधारे काही प्रमुख ग्रंथांची व खेळपद्धतींची चिकित्सा पुढे केली आहे.

'गती' आणि 'लय' या दोन शब्दांत येथे भेद केला आहे. कथेतील घटना किती वेगाने घडतात ही गती. टेबलावरील प्रत्यक्ष वेळ कोणाच्या वाट्याला, केव्हा आणि किती येतो, ही लय. विलंबित लयीतील गायन श्रोत्याला कंटाळवाणे वाटतेच असे नाही आणि द्रुत लयीतील गायन रंगतेच असेही नाही. भूमिकाखेळाचेही तसेच आहे.

पंच, कथक आणि यजमान

सूत्रधाराच्या भूमिकेचे मूळ कथनकलेत नसून युद्धखेळात आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी रायस्वित्झ यांनी १८२४ साली अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन पक्षांमध्ये एक पंच असे आणि तो नकाशा, फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने चकमकींचे निकाल ठरवी. कोष्टकांच्या ओझ्याने खेळ संथ होतो, ही तक्रार पुढे बळावली. १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा यांनी ही कोष्टके बाजूला सारून पंचाने स्वतःच्या युद्धानुभवावरून निर्णय द्यावा, असा मार्ग सुचवला. खेळ त्यामुळे वेगवान झाला. मात्र त्या वेगाची किंमत अशी की, सारे काही पंचाच्या विवेकावर व निःपक्षपातीपणावर अवलंबून राहिले. गतीसाठी सत्ता एका हाती एकवटणे हा व्यवहार भूमिकाखेळाच्या जन्मापूर्वीच झालेला होता.

प्रशियातील पंचाला त्याच्या लष्करी हुद्द्याचा आधार होता. मित्रमंडळींच्या टेबलावर बसलेल्या सूत्रधाराला असा कोणताही हुद्दा नसतो. त्याची सत्ता खेळाडूंच्या संमतीवर उभी असते आणि खेळाडू केव्हाही उठून जाऊ शकतात. १९७४ च्या मूळ नियमपुस्तिकांत या व्यक्तीसाठी 'पंच' या अर्थाचाच शब्द होता. 'डन्जन मास्टर' हे नाव त्यानंतर रूढ झाले. पुढे तिच्याकडून कथकाचीही अपेक्षा होऊ लागली. तिसरी भूमिका मात्र पहिल्यापासून असूनही ग्रंथांनी फारशी विचारात घेतली नाही. ती म्हणजे यजमानाची. पंक्तीत कोणाच्या पानात काय वाढले गेले नाही, याकडे यजमानाचे लक्ष असते. खेळाच्या टेबलावर वाढावयाची वस्तू म्हणजे वेळ.

'सूत्रधार' या शब्दाचीही एक मर्यादा येथे नोंदवणे इष्ट ठरेल. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना करून रंगमंचावरून निघून जातो आणि त्याच्यामागे लिहिलेली संहिता प्रयोग पेलते. भूमिकाखेळातील सूत्रधारामागे अशी संहिता नसते आणि त्याला निघून जाण्याचीही सोय नसते. हातात सारी सूत्रे असल्याचा जो भास हा शब्द निर्माण करतो, तोच भास या खेळातील अनेक अडचणींचे मूळ आहे.

शिक्षेची परंपरा

गायगॅक्स यांचे १९७९ चे 'डन्जन मास्टर्स गाइड' हे सूत्रधारवाङ्मयातील आद्य महाग्रंथ मानावे लागेल. त्रासदायक खेळाडूंविषयी त्यात स्वतंत्र विवेचन आहे. खेळाडूला घालवून देण्यापूर्वी योजावयाचे उपाय म्हणून त्यांनी काही शिक्षा सुचवल्या आहेत. सर्वांदेखत एक जादा फासा टाकून राक्षस उपस्थित करावा. अदृश्य ममीचा हल्ला घडवावा. अपराध्याच्या पात्रावर आकाशातून निळी वीज पाडावी. किंवा पात्राच्या व्यक्तिमत्त्वाची छाप मोजणाऱ्या गुणांकातून एक गुण कायमचा वजा करावा. या मजकुरात थट्टेचा सूर आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु थट्टेतून सांगितलेली रीतही रीतच असते.

या रीतीत एक तार्किक दोष आहे. अपराध माणसाचा आणि शिक्षा पात्राला. मध्येच बोलणारा, नियमांवरून हुज्जत घालणारा किंवा इतरांची खिल्ली उडवणारा खेळाडू हा टेबलावरच्या जगात चुकत असतो. वीज मात्र कल्पित जगात कोसळते. परिणामी चूक कोणती हे उच्चारलेच जात नाही. खेळाडूला अपमान कळतो, कारण कळत नाही. शिवाय ही शिक्षा अमलात येईपर्यंत ज्यांनी काहीही केलेले नाही असे उरलेले खेळाडू ताटकळत बसतात. एका खेळाडूने सर्वांचा वेळ घेतला म्हणून सूत्रधार त्याच्यावर सर्वांचा आणखी वेळ खर्च करतो.

याच ग्रंथात गायगॅक्स यांनी काळाची काटेकोर नोंद ठेवण्यावर कमालीचा भर दिला आहे, हे विशेष. त्यांच्या नियमांत शोधकार्याचा एक टप्पा दहा मिनिटांचा आणि लढाईची एक फेरी एका मिनिटाची. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक संचात ही व्यवस्था अधिक सुटसुटीत झाली. मशाल सहा टप्पे, म्हणजे एक तास टिकते. दर दोन टप्प्यांनी फासा टाकून भटका राक्षस येतो का ते पाहिले जाते. दर तासातील एक टप्पा विश्रांतीस द्यावा लागतो. वरवर पाहता हे हिशेबी नियम आहेत. प्रत्यक्षात ते लयीचे शास्त्र आहे. भुयाराच्या दारात उभे राहून वीस मिनिटे वाद घालणाऱ्या चमूला सूत्रधाराने रागे भरण्याची गरज उरत नाही. मशाल विझत असते. दिरंगाईचे मोल खेळातच चुकवावे लागते, ते सर्वांना सारखेच लागू असते, आणि ते कोणा एकाला उद्देशून नसते. विजेची शिक्षा आणि मशालीचा नियम यांतील अंतर सूत्रधाराच्या लहरीत आणि जाहीर व्यवस्थेत असते तेवढे आहे. दोन्ही एकाच परंपरेत वाढले. पण त्यांचा परस्परसंबंध त्या परंपरेने तपासला नाही.

मशालीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही व्यवस्था भुयारापुरती आहे. कथा नगरात, राजदरबारात वा दोन पात्रांच्या संभाषणात गेली की विझणारे काही उरत नाही. खेळाचा विस्तार त्या दिशेने होत गेला तसतशी लयीची सर्व जबाबदारी सूत्रधाराच्या एकट्याच्या कौशल्यावर येऊन पडली.

प्रतीक्षेचे गणित

लढाईच्या प्रसंगी वेळेची विषमता सर्वांत ठळक दिसते. समजा, पाच खेळाडू आहेत. प्रत्येकाच्या पाळीला तीन मिनिटे आणि सूत्रधाराला सर्व शत्रूंच्या हालचालींसाठी पाच मिनिटे लागतात. एक फेरी वीस मिनिटांची होईल. खेळाडूच्या वाट्याला त्यांपैकी तीन मिनिटे येतील आणि सतरा मिनिटे प्रतीक्षेची असतील. तीन फेऱ्यांच्या लढाईत, म्हणजे एका तासात, तो नऊ मिनिटे खेळेल आणि एक्कावन्न मिनिटे थांबेल. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी कल्पित काळातील सहा सेकंदांची मानली आहे. म्हणजे सहा सेकंदांच्या घटनेसाठी वीस मिनिटे.

अशा वेळी कोणी भ्रमणध्वनी काढतो, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजतो, कोणी फाशांचा मनोरा रचतो, आणि पाळी आल्यावर 'काय झाले?' असे विचारतो. त्याला सर्व सांगण्यात आणखी दोन मिनिटे जातात आणि पुढच्याची प्रतीक्षा वाढते. हे दुष्टचक्र आहे. ग्रंथ अशा खेळाडूला 'बेफिकीर' म्हणून निकालात काढतात. परंतु पाळी एक मिनिटाची आणि सूत्रधाराचा वाटा दोन मिनिटांचा केला, तर फेरी सात मिनिटांची होते आणि तोच खेळाडू फक्त सहा मिनिटे थांबतो. अशा टेबलावरही तो बेफिकीर राहिला, तरच त्याच्या स्वभावाला दोष देण्यात अर्थ आहे.

खेळाडूंच्या वर्गीकरणाचा विचार याच संदर्भात करावा लागतो. ग्लेन ब्लॅको यांनी १९८० साली खेळण्याच्या चार प्रवृत्ती मांडल्या : सामर्थ्यसंचय, भूमिकानिर्वाह, युद्धकौशल्य आणि कथारचना. रॉबिन लॉज यांनी २००२ च्या आपल्या छोटेखानी मार्गदर्शिकेत खेळाडूंचे सात प्रकार सांगितले. या विचाराचे ऋण मोठे आहे. ज्याला पूर्वी 'वाईट खेळाडू' म्हटले जात होते त्याला 'वेगळी अपेक्षा असलेला खेळाडू' असे म्हणण्याची वाट त्याने मोकळी केली. शांत बसणाऱ्या खेळाडूला बळेच पुढे ओढू नये, हा लॉज यांचा सल्लाही मोलाचा आहे. समान वेळ म्हणजे न्याय्य वेळ नव्हे, याची तो आठवण देतो.

तथापि वर्गीकरणाचा धोका असा की, परिस्थितीतून उपजलेले वर्तन माणसाच्या प्रकृतीला चिकटवले जाते. पहिल्या तासात गप्प असलेला खेळाडू तिसऱ्या तासात सर्वांत चतुर बेत आखतो. त्याचा प्रकार बदललेला नसतो. त्याला जागा मिळालेली असते. खेळाडू कोणत्या प्रकारचा आहे, या प्रश्नापूर्वी त्याला काय करण्यासाठी किती वेळ मिळाला, हा प्रश्न यावयास हवा.

'क्रिटिकल रोल' या २०१५ पासून प्रक्षेपित होऊ लागलेल्या कार्यक्रमाने यास एक वेगळे परिमाण दिले. त्यातील खेळाडू व्यावसायिक आवाज-कलावंत आहेत. दुसऱ्याच्या पाळीत ते ऐकतात, दाद देतात, आपल्या पात्राच्या अंगाने प्रतिसाद देतात. प्रतीक्षेचे रूपांतर श्रवणात झाले की ती प्रतीक्षा राहत नाही, हे या कार्यक्रमाने दाखवून दिले. मात्र ही व्यावसायिक सवय घरगुती टेबलावर गृहीत धरणे अन्यायाचे आहे. दिवसभराच्या कामानंतर खेळावयास बसलेल्या मंडळींना श्रवणासाठी लहान पाळ्यांचा आधार लागतो.

रुळांवरची कथा

लय सांभाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पुढे काय होणार हे आधीच ठरवून ठेवणे. १९८४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'ड्रॅगनलान्स' ही साहसमालिका याचे ठळक उदाहरण आहे. एका महाकथेत खेळाडूंना सहभागी करून घेण्याची तिची महत्त्वाकांक्षा खरोखरच मोठी होती. पण कथानक शेवटपर्यंत न्यावयाचे तर महत्त्वाची पात्रे अकाली मरून चालत नव्हते. म्हणून अशा पात्राचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, प्रेत हाती लागू देऊ नये, म्हणजे त्याला पुढे परत आणता येईल, अशी सूचना सूत्रधाराला दिलेली होती. खेळाडूने शत्रूला कड्यावरून लोटले तरी कथेला तो हवा असेल तर तो परत येणार.

अशा खेळाची गती उत्तम असते. बिघडते ती लय, कारण निर्णयाचा वेळ खेळाडूंच्या वाट्याला येतच नाही. ज्याच्या कोणत्याही कृतीने काही बदलत नाही, तो बदल घडवण्याची उरलेली एकच वाट शोधतो. तो खानावळीच्या मालकाचा गळा धरतो, गावाला आग लावतो, राजाचा भर दरबारात अपमान करतो. सूत्रधार याला विध्वंसक वृत्ती म्हणतो. चिकित्सकाला त्यात कर्तेपणाची मागणी दिसावयास हवी. अर्थात सगळीच जाळपोळ ही मागणी नसते. काही खेळाडू निव्वळ इतरांची गंमत घालवण्यात रमतात. या दोहोंत फरक करण्याची कसोटी साधी आहे. खरोखर परिणाम घडवणारा एक निर्णय खेळाडूच्या हाती द्यावा. पहिल्या प्रकारचा खेळाडू त्यात गुंततो, दुसरा गुंतत नाही.

वाटपाचे जाहीर नियम

एकविसाव्या शतकातील काही खेळांनी ही जबाबदारी सूत्रधाराच्या प्रतिभेवरून काढून पुन्हा नियमांत आणली, आणि या वेळी भुयाराबाहेरही. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात सूत्रधारासाठीही नियम आहेत. त्याने केव्हा बोलावे आणि बोलताना कोणत्या प्रकारची हालचाल करावी, याची स्पष्ट यादी आहे. खेळाडू अपेक्षेने त्याच्याकडे पाहू लागले की त्याने काहीतरी घडवलेच पाहिजे. यामुळे सूत्रधारही पाळी घेणाऱ्यांपैकी एक होतो.

जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) या खेळाने रेंगाळण्याच्या सर्वपरिचित कारणालाच हात घातला. चोरांची टोळी दरोड्याचा बेत करावयास बसली की तास तास निघून जातो. या खेळात टोळीने बेताचा केवळ प्रकार निवडावयाचा आणि त्याचा एक तपशील सांगावयाचा. मग फाशांचा एक कौल घेऊन कथा थेट ऐन प्रसंगात जाते. पूर्वतयारी आठवली की पात्राने थोडा 'ताण' सोसून भूतकाळातील प्रसंग दाखवावयाचा. संकटे किती जवळ आली हे ४, ६ वा ८ भागांच्या वर्तुळात, सर्वांना दिसेल असे, भरत जाते. मोल्डव्हे यांची मशाल येथे नव्या रूपात परत आली आहे. काळ सूत्रधाराच्या मनात न राहता टेबलावर येतो आणि सर्वांच्या मालकीचा होतो.

या पद्धतीचे नुकसानही आहे. ज्यांना बेत आखण्यातच खेळाचा आनंद आहे त्यांचा घास ती काढून घेते. मॅट फिंच यांच्या २००८ च्या पुस्तिकेने जुन्या वळणाच्या खेळाचा जो पुरस्कार केला त्यात नियमांपेक्षा सूत्रधाराच्या निर्णयाला महत्त्व आहे, आणि नव्या पद्धतीने सूत्रधाराचा कारकून होतो हा त्या पक्षाचा आक्षेप असू शकतो. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु निर्णय कोणी घ्यावा आणि वेळ कशी वाटावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निर्णय सूत्रधाराच्या विवेकावर सोपवूनही वेळेचे वाटप जाहीर ठेवता येते. जुन्या खेळातील मशालीने तेच केले होते.

लयीच्या पलीकडचे

लयीचा उपाय कोठे संपतो, हे सांगितल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. सहखेळाडूच्या पात्राच्या आडून तिचा वा त्याचा छळ करणे, नको असलेले लैंगिक वा हिंसक वर्णन लादणे, एखाद्याच्या जातीची, वर्णाची वा लिंगाची हेटाळणी करणे, हे पाळ्या लहान केल्याने थांबत नाही. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ साली 'रेषा' आणि 'पडदे' यांची कल्पना मांडली. काही विषय खेळात मुळीच येणार नाहीत ही रेषा. काही घडतील पण त्यांचे वर्णन होणार नाही हा पडदा. जॉन स्टाव्हरोपूलोस यांचे २०१३ चे एक्स-कार्ड याहून साधे आहे. टेबलावर एक कार्ड ठेवावयाचे. कोणीही त्याला स्पर्श केला की चालू मजकूर वगळावयाचा, कारण सांगण्याची सक्ती नाही. पहिल्या बैठकीपूर्वी अपेक्षा व मर्यादा ठरवणारी 'शून्यावी बैठक' ही प्रथा २०२० मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या अधिकृत ग्रंथातही आली.

या साधनांकडे केवळ सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत विवेचनाच्या संदर्भात त्यांचा आणखी एक अर्थ दिसतो. 'थांबा' म्हणण्याचा अधिकार त्यांनी टेबलावरील प्रत्येकाला दिला. तोवर खेळ थांबवणे, पुढे नेणे वा वळवणे हा सूत्रधाराचाच अधिकार होता. म्हणजे ही साधनेही अंतिमतः लयीच्या मालकीविषयी आहेत. मात्र जाणूनबुजून छळ करणाऱ्यासाठी कार्ड पुरेसे नाही. त्याच्याशी खेळाबाहेर, स्पष्ट शब्दांत बोलावे लागते, आणि त्याने न ऐकल्यास त्याला निरोप द्यावा लागतो. तेथे निळ्या विजेचा उपयोग नाही आणि घड्याळाचाही नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच कार्डाला हात लावावा अशी वाट पाहत बसणारा यजमान आपले कर्तव्य टाळतो.

समारोप

सूत्रधारवाङ्मयाने वर्तन आणि लय यांची फारकत केली, त्यामुळे एका बाजूस खेळाडूंच्या स्वभावाची निष्फळ चिकित्सा वाढली आणि दुसऱ्या बाजूस लय ही प्रतिभावान सूत्रधाराची दैवी देणगी मानली गेली. दोन्ही समजुती नवख्या सूत्रधाराला हतबल करतात. खेळ बिघडला की खेळाडू वाईट आहेत किंवा आपण अपात्र आहोत, असे दोनच निष्कर्ष त्याच्यापुढे उरतात. वस्तुतः तिसरी शक्यता अधिक वेळा खरी असते. माणसे बरी असतात, वाटप बिघडलेले असते, आणि वाटप सुधारता येते.

यातून व्यवहारासाठी एक क्रम सुचतो. खेळाडूचे वर्तन खटकले की प्रथम त्याने किती वेळ वाट पाहिली हे पाहावे. नंतर त्याच्या शेवटच्या निर्णयाने कथेत काही बदलले का, हे पाहावे. ही दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर तिसरे पाऊल त्याच्याशी खेळाबाहेर बोलण्याचे. दुसऱ्या खेळाडूला इजा होत असेल तेव्हा मात्र हा क्रम उलटा करून बोलण्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. वर्गात चर्चा घडवून आणणाऱ्या अध्यापकाला आणि सभा चालवणाऱ्या अध्यक्षालाही हा प्रश्न अपरिचित नाही. तेथेही मागच्या बाकावरच्या गडबडीचे कारण पुष्कळदा पुढच्या बाकांना मिळालेल्या वेळेत सापडते. भूमिकाखेळाचे वैशिष्ट्य एवढेच की, तेथे हजेरीपट नाही, गुण नाहीत आणि हुद्दाही नाही. सूत्रधाराने वेळ नीट वाटली तर मंडळी पुढच्या आठवड्यात परत येतात, आणि नाही वाटली तर येत नाहीत.